नगरे गेली, हातची विद्या राहिली



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चालकबाईंनी मला सांगितले तेव्हा मी दोन वेळा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवी. इतिहासावर लिहावे एवढा अधिकार माझा नाही. पण २०२३ च्या जानेवारीत आपल्या मंडळाची सौराष्ट्राची सहल गेली होती, त्या सहलीतील एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्यासाठी मी वाचनालयातून पुस्तके आणली, मुलाचे शाळेचे इतिहासाचे पुस्तक पुन्हा वाचले, आणि जे समजले ते आपल्या मंडळातील एका शिक्षिका भगिनींकडून तपासून घेतले. ते आपणासमोर ठेवते. चुकले असेल ते पदरात घ्यावे.

आपणास आठवत असेल, सोमनाथ-द्वारका करून परतताना आपली बस लोथलला थांबली होती. ऊन फार होते. बऱ्याच जणी बसमध्येच बसून राहिल्या. ज्या उतरल्या त्यांनी विटांच्या भिंती, ती मोठी आखीव गोदी, सांडपाण्याच्या मोऱ्या आणि मणी करण्याच्या कारखान्याची जागा पाहिली. चार हजार वर्षांपूर्वीच्या मोऱ्या, आणि आपल्या गल्लीतील गटारापेक्षा नीट! तेव्हा आपल्यापैकीच एकीने विचारले, "एवढे सगळे या लोकांना येत होते, मग ते गेले कुठे? आणि त्यांना जे येत होते ते कुठे गेले?" तिला कोणी उत्तर दिले नाही. बस निघाली, भेंड्या सुरू झाल्या. परंतु त्या प्रश्नाने मला घरातील एका गोष्टीची आठवण झाली व मी खिडकीकडे तोंड करून बसले. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी इतिहास.

लोथल हे सिंधू संस्कृतीचे एक गाव. या संस्कृतीला हडप्पा संस्कृती असेही म्हणतात. हडप्पा व मोहेंजोदडो ही तिची दोन मोठी नगरे आज पाकिस्तानात आहेत. धोलावीरा व लोथल गुजरातेत, कालीबंगा राजस्थानात, राखीगढी हरियाणात आहे. गंमत अशी, की शंभर वर्षांपूर्वीपर्यंत या संस्कृतीचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान आगगाडीचा रस्ता करताना हडप्प्याच्या टेकाडातील भाजक्या विटा गाड्या भरभरून नेल्या आणि रुळांखाली खडीसारख्या पसरल्या. आपण कुणाचे घर मोडून रस्ता करीत आहोत हे त्यांना माहीत नव्हते. पुढे १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे खोदकाम केले, व १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी हा शोध जगाला जाहीर केला.

त्या लोकांची भरभराट साधारणपणे इ. स. पूर्व २६०० ते १९०० अशी सातशे वर्षे चालली. त्यांना काय काय येत होते ते थोडक्यात सांगते. त्यांच्या विटा गावोगाव एकाच प्रमाणाच्या असत. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. मोहेंजोदडोत सुमारे सातशे विहिरी असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विहिरीच्या विटा मुद्दाम एका बाजूने निमुळत्या पाडीत, म्हणजे गोल बांधणीत त्या एकमेकींना घट्ट धरून ठेवीत व विहीर ढासळत नसे. तेथील मोठे स्नानकुंड सुमारे बारा मीटर लांब व सात मीटर रुंद आहे. पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला आहे. वजने चकमकीच्या जातीच्या दगडाची, चौकोनी घासलेली. सर्वांत लहान एक ग्रॅमच्याही आतले. मग त्याच्या दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट, बत्तीसपट. शेकडो कोसांवरच्या गावांतही वजन तेच. म्हणजे तराजूत पाप नाही!

आणि त्यांना लिहिता येत होते. दगडाच्या लहान मुद्रांवर बैलाचे, हत्तीचे, गेंड्याचे चित्र कोरून वर चार-पाच चिन्हांची ओळ असे. अशी सुमारे चारशे निरनिराळी चिन्हे सापडली आहेत. धोलावीऱ्याला तर दहा मोठ्या अक्षरांची एक पाटीच मिळाली. परंतु या लिपीतील एक शब्दही आजपर्यंत सर्वमान्य होईल असा कुणाला वाचता आलेला नाही.

मग हे सारे मोडले कशाने? पूर्वी पुस्तकांत असे असे, की बाहेरून कुणी चाल करून आले व त्यांनी नगरे जाळली. आता बहुतेक अभ्यासक तसे मानत नाहीत. पावसाळा कमी कमी होत गेला. घग्गर-हाकरा नदीचे पात्र आटत गेले. काही ठिकाणी पुरांनी नुकसान केले. लोथलला पुरानंतर लोकांनी पुन्हा बांधले ते पहिल्यापेक्षा हलके बांधले, असे तेथे खोदकाम करणाऱ्या एस. आर. राव यांनी नोंदविले आहे. मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी, चालणारा समुद्रावरचा व्यापारही बसला. एका दिवसात आकाश कोसळले असे झाले नाही. पोट भरेना तशी माणसे नगरे सोडून पूर्वेला गंगा-यमुनेकडे आणि दक्षिणेला गुजरातेकडे लहान लहान खेड्यांत पांगली. राहिले त्यांनी मोठ्या वाड्यांत आडव्या-उभ्या भिंती घालून चार-चार बिऱ्हाडे केली. मोऱ्या तुंबल्या त्या कोणी उपसल्या नाहीत. हे वाचताना मला वाटले, घराची वाताहत होते तेव्हा सर्वांत आधी मोरी तुंबते, हे तेव्हाही खरेच होते!

आता त्या बसमधल्या प्रश्नाकडे वळते. त्यांना जे येत होते ते कुठे गेले?

काही गोष्टी साफ नाहीशा झाल्या. लिपी गेली. मुद्रा गेल्या. सगळीकडे एकच असलेली वजने गेली. आखीव नगरे, झाकलेल्या मोऱ्या, निमुळत्या विटांच्या विहिरी गेल्या. आपल्या देशात पुन्हा वाचता येईल असे लेखन मोठ्या प्रमाणावर दिसते ते सम्राट अशोकाच्या काळी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात. म्हणजे मध्ये दीड हजार वर्षांहून अधिक काळ गेला. आपल्याकडे १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, ते त्या जुन्या सोळापटीतून आले असे काहीजण म्हणतात. परंतु मधला दुवा हाती लागत नाही, म्हणून मी ते खात्रीने सांगत नाही.

परंतु काही गोष्टी मुळीच गेल्या नाहीत. पहिली गोष्ट शेताची. कालीबंगा येथे इ. स. पूर्व २८०० च्या सुमाराचे नांगरलेले शेत सापडले. एका दिशेने जवळजवळ, म्हणजे सुमारे वीतभर-दीड वीत अंतरावर तासे, आणि त्यांना छेदून दुसऱ्या दिशेने सुमारे दोन मीटरांवर तासे. विद्वान हे पाहून विचार करीत बसले, आणि बाजूच्या शेतात पाहतात तो तेथील शेतकऱ्याने तशीच तासे घातलेली! एका दिशेने कडधान्य, दुसऱ्या दिशेने मोहरी. त्या शेतकऱ्याने कुठली मुद्रा वाचली नव्हती. त्याच्या बापाने त्याला नांगरावर हात धरून शिकविले होते, बापाला आजाने.

दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. हरियाणातील फरमाणा या गावी त्या काळची मडकी सापडली. आतून चिकटलेला अन्नाचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यात हळद, आले व वांगे यांचे कण मिळाले. अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर या संशोधकांनी २०१० च्या सुमारास हे दाखविले. भगिनींनो, कोणत्या राजाचे नाव राहिले नाही, कोणत्या अधिकाऱ्याचे राहिले नाही, पण वांग्याला हळद आणि आले लावायचे हे त्या बायकांना ठाऊक होते व आपण आजही तेच करतो आहोत!

तिसरी गोष्ट मण्यांची. आपण खंबायतला तांबडे अकीकाचे मणी घेतले. काहींनी घासाघीस करून भाव पाडला, त्यात मीही होते. आता त्याची लाज वाटते, कारण ते मणी कसे होतात ते मी नंतर वाचले. तो दगड नर्मदेच्या बाजूला रतनपूरच्या भागातून येतो. काढतात तेव्हा तो मळकट पिवळसर असतो. तो उन्हात वाळवतात, मग मडक्यांत घालून मंद आचेत भाजतात. त्यातील लोखंडाच्या अंशामुळे तो तांबडा होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळ्यावर धरून शिंगाच्या हातोडीने बेताने टवके काढतात. मग घासणे, मग कमानीच्या सामत्याने भोक पाडणे, मग चकाकी आणणे. लोथलला मण्यांचा कारखाना व भट्टी सापडली, तेथून खंबायत फार दूर नाही. मार्क केनोयर, मासिमो विदाले व कुलदीप भान या संशोधकांनी खंबायतच्या कारागिरांजवळ बसून त्यांचे काम पाहिले, तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीचे टवके व तेथले टवके यांवरून जुनी रीत कशी असेल ती त्यांना उलगडत गेली.

पण येथेही एक गोष्ट गेलीच. हडप्प्याचे कारागीर बोटाएवढ्या लांब मण्याला आरपार भोक पाडीत. त्यासाठी एका विशेष कठीण दगडाची बारीक सळई वापरीत. त्या दगडाला आज, चान्हूदडोचे उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून, अर्नेस्टाइट म्हणतात. त्या सळईनेसुद्धा तासाभरात जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर भोक पुढे सरके. म्हणजे एका मण्यापायी कित्येक दिवस. असे मणी मोठ्या श्रीमंतांसाठीच होत. श्रीमंत गेले, गिऱ्हाईक गेले, आणि त्या सळईची विद्याही गेली. पुढे कारागिरांनी हिऱ्याची कणी बसविलेली सळई घेतली. साधे मणी मात्र गावोगावच्या बायकांना हवेच होते. म्हणून साध्या मण्याची विद्या टिकली.

शंखाच्या बांगड्यांचेही तसेच. गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वर येथे शंख कापून बांगड्या करण्याची जागा सापडली आहे. बंगालमधल्या सुवासिनी आजही शंखाच्या बांगड्या भरतात. बांगडीवाल्याला राजाश्रय लागत नाही, त्याला मनगटे लागतात.

यावरून माझ्या अल्पबुद्धीला एक गोष्ट समजली. जी विद्या थोड्या लोकांच्या हातात होती आणि मोठ्या व्यवहारासाठीच लागत होती, ती व्यवहार मोडताच मेली. बंदरात गलबत येईना, तर मुद्रा कशावर उठवायची? कर घेणारा नाही, तर वजन कोण तपासणार? लिहिणारे थोडे असावेत. त्यांच्या मुलांना लिहिण्याचा पोटापाण्याला उपयोग उरला नाही, आणि दोन-तीन पिढ्यांत अक्षरे चित्रे होऊन राहिली. उलट जी विद्या घरोघरी होती, रोज लागत होती आणि मुलाने आईशेजारी बसून उचलली होती, ती नगराबरोबर बुडाली नाही. ती डोक्यावरच्या गाठोड्याबरोबर चालत नव्या गावी गेली.

अशीच ती आपल्या महाराष्ट्रातही आली. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. हे स्थळ १९५८ मध्ये बा. पां. बोपर्डीकर यांनी शोधले. पुढे एम. एन. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनने केली. तेथील एका थरात उत्तर हडप्पा काळच्या लोकांच्या खुणा आहेत. सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा व खापरे मिळाली. कच्च्या विटांनी बांधलेले एक दफनही मिळाले, आणि त्या विटांचे प्रमाण तेच जुने, एकास दोनास चार! नगरे कुठल्या कुठे राहिली, पण वीट पाडणाऱ्या हाताला माप पाठ होते. १९७४ मध्ये याच गावी एका गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातूंच्या जड मूर्ती सापडल्या: बैलांची जोडी जुंपलेला रथ व तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारांचे मिळून वजन साठ किलोच्या वर आहे. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण एवढे ओतकाम येणारी माणसे आपल्या गोदावरी-प्रवरेच्या मुलखात होती याचा मला अभिमान वाटला.

त्यानंतरची हकीकत पुणे जिल्ह्यातील इनामगावची. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आदी मंडळींनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांचे गाव होते. नदीचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी चर व बांध घातला होता. जव हे मुख्य पीक. घरे चौकोनी, आत चूल. आणि धान्याची कणगी ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे, शिवाय जमिनीत खणलेली पेवे. ते चित्र पाहून मी सासूबाईंच्या माहेरच्या घरात उभी आहे असे वाटले. कणगीखाली ओटा का, तर ओल लागू नये म्हणून. हे कुणी पुस्तकातून शिकविले नाही.

पण इनामगावनेही पुढे वाईट दिवस पाहिले. इ. स. पूर्व १००० नंतर पाऊस आणखी ओढला. चौकोनी ऐसपैस घरे जाऊन गोल झोपड्या आल्या. जव कमी झाला, शिकारीवर पोट भरण्याची वेळ आली, मडक्यांची घडणही उतरली. अखेर गाव ओस पडले. म्हणजे घरोघरची विद्याही आपोआप टिकत नाही. पोटाची ओढाताण फार झाली की ती झिजते. हे सांगणे जरूर आहे, नाहीतर मी जुन्या काळाचे नुसते गोडवे गात आहे असे आपणास वाटेल. खंबायतचे उदाहरण घ्या. दगड घासताना उडणारी धूळ छातीत बसून तेथील कित्येक कारागिरांना सिलिकोसिस झाला आहे, आणि घरीच घासकाम करणाऱ्या बायकाही त्यातून सुटल्या नाहीत. विद्या टिकावी, पण तिच्यापायी माणूस खोकून मरावा असे कुणी म्हणणार नाही. जुने घेताना धूळ झाडून घ्यावे.

आता घरची गोष्ट सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी आपल्या गल्लीत आले, ते आपणापैकी कोणी विसरलेले नाही. आम्ही सात बिऱ्हाडे शेजारच्या पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतो. वीज गेली. वीज गेली म्हणून पंप गेला, पंप गेला म्हणून नळ गेला, मोबाइल गेला. तिसऱ्या दिवशी गॅस संपला. चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. आम्ही शिकल्या-सवरलेल्या सुना एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलो. त्या वेळी माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणत असू, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांना सही करता येत नसे. त्या कमरेला पदर खोचून गच्चीवर गेल्या. तीन बाजूंना विटा मांडून चूल केली. लाकडे ओली होती, तर साल सोलून, फोडून आतला कोरडा गाभा काढायला लावला. देवघरातील कापूर आणि नारळाच्या शेंड्या पेटवणीला घेतल्या. गच्चीवरचे पावसाचे पाणी पातेल्यात धरले, गढूळ होते त्यात तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, वरचे पाणी लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळून खळखळून उकळले. राखेने भांडी घासून घेतली. सहा दिवस सात घरांची माणसे त्या चुलीवर जेवली व एकाही लेकराचे पोट बिघडले नाही.

हे सगळे त्यांनी एकटीने केले नाही, आम्हाला हाताखाली घेऊन केले. म्हणून आज मला ती चूल मांडता येते.

पण आत्यांची आणखी एक विद्या होती, ती मला आली नाही. त्या बियाणे राखत. भोपळा, दोडका, वाल, पावटा, गवार, मिरची, राजगिरा, असे किती प्रकार! पहिले धरलेले चांगले फळ वेलावरच वाळू द्यायचे, बी काढून राखेत घोळायचे, जुन्या धडप्यात बांधून माळ्यावर टांगायचे. प्रत्येक पुरचुंडीला निराळ्या रंगाचा दोरा आणि गाठी. कुणाला एक गाठ, कुणाला तीन, कुणाला मध्ये फास. लिहिता येत नव्हते म्हणून त्यांनी स्वतःची खूण केली होती. कितीदा मला म्हणाल्या, "आगं, ध्यान दे हिकडं. ह्यो दोरा कशाचा ते बघून ठेव. मी काय जल्मभर पुरनार हाय व्हय?" मी म्हणायची, "आत्या, रविवारी निवांत बघू." रविवारी धुणे असे, पाहुणे असत, मालिका असत. २०२१ च्या हिवाळ्यात त्या गेल्या.

वर्षश्राद्धाआधी माळा झाडताना पुरचुंड्या सापडल्या. तेवीस होत्या. मी त्या ओळीने मांडून बसले. तांबडा दोरा दोन गाठी. पांढरा दोरा एक गाठ. काळा-पांढरा पिळलेला, तीन गाठी. माझ्या नणंदबाईंनी चार ओळखल्या. बाकीच्या मी अंदाजाने लावल्या. कोणत्या नक्षत्रावर लावायच्या ठाऊक नाही, काही बी जुने होऊन गेले होते. पाचच वेली वर आल्या, फळ धरल्यावर त्यांचे नाव कळले. चौदा पुरचुंड्यांत काय होते ते आता कुणालाही कळणार नाही. त्यांचे दोरे मी डब्यात जपून ठेवले आहेत.

लोथलला तो प्रश्न निघाला तेव्हा मला ही आठवण झाली होती. हडप्प्याची लिपी वाचता येत नाही म्हणून जगातले विद्वान शंभर वर्षे खपत आहेत. माझ्या घरची लिपी वाचणारी बाई माझ्या शेजारी पंचवीस वर्षे भाकरी थापीत बसली होती, आणि मी ती शिकून घेतली नाही. मला सातवीपर्यंत अक्षरे येत होती. प्रत्येक पुरचुंडीत एक चिठ्ठी लिहून टाकायला मला एक दुपार लागली असती.

कोणी म्हणेल, लिहिलेले बुडते व हातचे उरते, असेच तर तुम्ही सांगितले. मग चिठ्ठीचा उपयोग काय? तसे माझे म्हणणे नाही. लिपी गेली ती लिहिण्यात दोष होता म्हणून गेली नाही. ती थोड्यांचीच होती म्हणून गेली. हडप्प्याच्या स्वयंपाकिणींना व कुंभारणींना अक्षरे येत असती व त्यांनी ती रोजच्या कामाला लावली असती, तर ती कदाचित टिकली असती असे मला वाटते. आज आपल्याला दोन्ही येते, हात आणि अक्षर. हे भाग्य आत्यांना नव्हते. आपल्याला आहे, आणि आपण दोन्हींचा आळस करतो.

तेव्हा मंडळाला माझी नम्र सूचना अशी. आपल्या मंडळात साठीच्या वरच्या अनेक भगिनी आहेत. कुणाला गोधडीचे टाके येतात, कुणाला बाळंतिणीची निगा, कुणाला बुरशी न येता वर्षभर टिकणारे लोणचे, कुणाला एरंडेल लावून डाळ व कडुनिंबाचा पाला घालून गहू राखणे, कुणाला कंदिलाची वात नीट कातरणे. महिन्यातून एका गुरुवारी एकीने करून दाखवावे, दोन तरुण मुलींनी तिच्या शेजारी बसून हाताने करावे, आणि तिसरीने वहीत लिहावे. ती वही मंडळाच्या कपाटात एक आणि तिची प्रत निदान दहा घरांत असावी. एकाच कपाटात ठेवलेली वही म्हणजे एकाच माणसाला येणारी विद्या. कपाट पाण्यात गेले की संपले. ते आपण २०१९ ला पाहिले आहे.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण जे वाण देतो, ते गेली काही वर्षे प्लॅस्टिकच्या डब्या नि गाळण्या झाले आहेत. पुढच्या संक्रांतीला एकेकीने आपल्या परसातील किंवा माहेरच्या बियाण्याची एक पुरचुंडी द्यावी व आत चिठ्ठी घालावी: नाव काय, कधी लावायचे, कुणाकडून आले. आपल्या भाषेत बियाण्याच्या जातीलाही वाणच म्हणतात.

माझ्याकडे आत्यांचे नऊ वाण शिल्लक आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी माझ्या घरी यावे. चिठ्ठ्या लिहून ठेवल्या आहेत.